भूक आणि एकी : आयर्लंडमधील मेयो काउंटीचा इतिहास



ज्या दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांचे मन राजधान्यांच्या इतिहासापेक्षा गावांच्या इतिहासात अधिक रमत असे, आणि तहनाम्यांपेक्षा कुळांच्या खंडपावत्या त्यांना अधिक बोलक्या वाटत. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी एखादा राजवंश किंवा एखादे युद्ध न निवडता आयर्लंड बेटाच्या पश्चिम टोकावरील मेयो ही ग्रामीण काउंटी निवडली आहे. मेयो हे नाव आपल्याला सर्वस्वी परके नाही. नागपुरातील मोठे सरकारी रुग्णालय लोकांच्या तोंडी आजही ‘मेयो’च आहे, आणि ज्यांच्यावरून ते नाव पडले, त्या लॉर्ड मेयो या व्हाइसरॉयांच्या, म्हणजे १८७२ साली अंदमानात ज्यांचा खून झाला त्यांच्या, घराण्याची सरदारकी याच काउंटीच्या नावाची होती. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते सरदारांविषयी नव्हे. त्या नावाच्या भूमीवर खंड भरून जगणाऱ्या, खंड थकल्यामुळे रस्त्यावर फेकल्या गेलेल्या, आणि अखेरीस त्याच भूमीचे मालक झालेल्या सामान्य कुळांविषयी.

कॉनॉट प्रांतातील या काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे साडेपाच हजार चौरस किलोमीटर आहे. तिच्या पूर्व भागात चुनखडीच्या थरावरील बऱ्यापैकी सुपीक कुरणे आहेत. पश्चिमेस, एरिस व अकिल या बाजूंना, अटलांटिक महासागराच्या वाऱ्यांनी झोडपलेली, पावसाने सदैव भिजलेली पीटची दलदल पसरलेली आहे. बेलडेरिग येथील एक शाळामास्तर, पॅट्रिक कॉलफील्ड, यांच्या लक्षात १९३० च्या दशकात असे आले, की चुलीसाठी पीट खणताना खोलवर दगडांच्या रांगा लागतात आणि त्या रांगा निसर्गाने रचलेल्या नाहीत. त्यांचे पुत्र सेमस कॉलफील्ड यांनी पुढे पुरातत्त्वज्ञ होऊन तेथे शोधकार्य केले, तेव्हा दलदलीखाली नवाश्मयुगीन मानलेल्या शेतांचे बांध मैलोगणती पसरलेले आढळले. ते स्थळ आज केड फील्ड्स या नावाने प्रसिद्ध आहे. जमिनीची वाटणी करून शेजाऱ्याशेजाऱ्याने नांदण्याचा प्रघात या भूमीत केवढा जुना आहे, याची याहून भक्कम साक्ष सापडणे कठीण.

मधल्या सहस्रकांवरून मी त्वरेने पुढे जातो. क्ल्यू उपसागरावर सत्ता गाजविणारी आणि १५९३ साली एलिझाबेथ राणीच्या भेटीस थेट ग्रीनिचला जाणारी दर्यासारंग ग्रेस ओमॅली, किंवा १७९८ च्या ऑगस्टमध्ये किलाला उपसागरात उतरून कॅसलबार येथे इंग्रजी फौजेची दाणादाण उडविणारा फ्रेंच सेनापती उंबेर, यांच्या कथा चित्तवेधक आहेत खऱ्या. पण माझा प्रश्न निराळा आहे. या काउंटीने १८४५ ते १८४९ या काळात बटाट्याचे पीक बुडाल्यामुळे असा संहार सोसला, की त्याची तुलना युरोपच्या अर्वाचीन इतिहासात क्वचितच सापडते. त्यानंतर तीसच वर्षांनी, १८७९ साली, पावसाळी उन्हाळा, बुडालेला बटाटा आणि थकलेला खंड हीच संकटमालिका पुन्हा त्याच भूमीवर कोसळली. परंतु या वेळी तेथील माणसे विखरून मेली नाहीत, एकत्र उभी राहिली. एकाच प्रदेशातील माणसे, एकच पीक, बहुतेक तीच जमीनदार घराणी, आणि तरीही हा भेद का पडावा? मेयोचा सारा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

प्रथम त्या जुन्या गावगाड्याचे स्वरूप पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेयोतील बरीचशी जमीन ‘रनडेल’ पद्धतीने कसली जात असे. एका वस्तीतील अनेक कुटुंबे मिळून जमीनदाराकडून जमीन खंडाने घेत, तिचे चांगले, मध्यम व निकस असे भाग पाडून प्रत्येकाला प्रत्येक भागात लहान पट्टा देत, आणि काही काळाने पुन्हा फेरवाटणी करीत, म्हणजे कोणाच्याही वाट्याला कायमची खडकाळ जमीन येऊ नये. घरे एकमेकांना लागून असत, चराईचा डोंगर सामाईक असे, आणि उन्हाळ्यात तरुण मुलेमुली गुरे घेऊन डोंगरावरील झोपड्यांत राहावयास जात. पीट काढणे, गवत कापणे, घर शाकारणे ही कामे आपल्याकडील इर्जिकीप्रमाणे ‘मेहल’ करून, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांच्या दारी राबून, उरकली जात. तेथे मजुरीचा हिशेब नसे, पण कोण कोणाकडे आला नाही याची आठवण मात्र पक्की असे.

ही व्यवस्था मायेची होती. बळकट मात्र नव्हती. जमिनीवर कुळाचा कोणताही कायम हक्क नव्हता. त्याने बांध घातला, दलदल निचरून शेत केले, तर पुढल्या वर्षी खंडच वाढत असे. जमीनदार बहुधा दूर राहत, वसुली मुखत्यारामार्फत होई, आणि वाटण्या होता होता पट्टे इतके आखूड झाले होते, की त्यांवर कुटुंब जगविणारे एकच पीक उरले होते. ते पीक बटाट्याचे. ओट धान्य आणि डुक्कर खंडासाठी विकले जात, आणि पोट बटाट्यावर भरले जाई. १८४१ च्या जनगणनेत मेयोची लोकसंख्या ३ लाख ८९ हजारांच्या घरात होती. एवढ्या जिवांचा भार एका कंदावर होता.

१८४५ च्या शरद ऋतूत बटाट्यावर करपा पडला. १८४६ साली तर जवळजवळ सारे पीक कुजले. पुढील कथा करुण आहे, आणि तिच्यातील कारुण्याचा मोठा भाग मानवनिर्मित आहे. सरकारने मदतीचा भार स्थानिक करांवर टाकला, म्हणजे ज्या प्रदेशात भूक सर्वाधिक तेथेच निधी सर्वांत तोकडा झाला. १८४७ च्या कायद्यात असे कलम घालण्यात आले, की पाव एकराहून अधिक जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्यास सरकारी मदत मिळणार नाही. म्हणजे पोटात अन्न हवे असेल तर जमिनीवरील हात सोडावा, आणि जमीन राखावयाची असेल तर मुलांना उपाशी ठेवावे. वर्कहाऊस नावाच्या सक्तीच्या दरिद्रालयांत नवरा, बायको आणि मुले यांची ताटातूट केली जाई. खंड थकलेल्या कुळांची घरे पाडण्याचे सत्र याच वेळी जोरात सुरू झाले, आणि लॉर्ड लुकन यांच्यासारख्या जमीनदारांनी वस्त्याच्या वस्त्या उठवून तेथे मोठी कुरणे केली.

१८४९ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस लुईसबर्ग येथे मदतीच्या आशेने जमलेल्या शेकडो भुकेल्या माणसांना असे सांगण्यात आले, की अधिकारी तपासणीसाठी डेल्फी येथील शिकारगृहात थांबणार आहेत, तेथे येऊन हजर व्हावे. ती वाट दहा मैलांहून अधिक, डूलॉ सरोवराच्या काठाने डोंगरांतून जाणारी, आणि हवा थंडीवाऱ्याची. तेथे पोहोचल्यावर त्यांना हाती काहीच लागले नाही, आणि परतीच्या वाटेवर कित्येकांनी प्राण सोडले. त्या खोऱ्यात आज स्मारकाचा दगड आहे आणि त्यावर महात्मा गांधींचे वचन कोरलेले आहे. मानवी अप्रतिष्ठेचा जाब मागणारे आपल्या देशातील एका माणसाचे शब्द मेयोच्या लोकांना आपल्याच दुःखाची भाषा वाटले, ही गोष्ट आपण अभिमानाने नव्हे, पण गांभीर्याने लक्षात ठेवावी अशी आहे.

१८५१ च्या जनगणनेत काउंटीत सुमारे २ लाख ७५ हजार माणसे उरली होती. दहा वर्षांत एक लाखाहून अधिक माणसे मृत्यूने वा स्थलांतराने नाहीशी झाली होती. या काळात तुरळक दंगे झाले, धान्याच्या गाड्या अडविल्या गेल्या. पण संघटित प्रतिकार उभा राहिला नाही. त्या माणसांत धैर्य कमी होते असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. ‘मेहल’ करणारा समाज शेजाऱ्याचे छप्पर शाकारू शकतो, पण सर्व शेजारी एकाच दिवशी उपाशी पडले म्हणजे कोणी कोणाकडे जावयाचे? एका वस्तीचे प्रेम दुसऱ्या वस्तीपर्यंत पोहोचविणारा रस्ता, वृत्तपत्र, सभा, मत यांपैकी काहीही त्यांच्या हाती नव्हते. गावकीची एकी होती. काउंटीची एकी अद्याप जन्मावयाची होती.

ती पुढील तीस वर्षांत जन्मली, आणि तिचा जन्म कोणा एका नेत्याच्या वक्तृत्वातून झाला नाही. १८३१ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळांतून एक पिढी लिहावाचावयास शिकली. १८६० च्या दशकात लोहमार्ग कॅसलबार व वेस्टपोर्टपर्यंत आला. हंगामी मजुरीसाठी इंग्लंड-स्कॉटलंडला जाणाऱ्या तरुणांनी कारखान्यांतील कामगारांच्या संघटना डोळ्यांनी पाहिल्या. अमेरिकेत गेलेल्या भावाबहिणींकडून पैसा आला आणि त्याबरोबर प्रजासत्ताकातील बरोबरीच्या नात्याची वार्ताही आली. १८७२ च्या कायद्याने गुप्त मतदान आले, आणि जमीनदाराच्या कारभाऱ्यासमोर उघडपणे मत देण्याची सक्ती संपली. बाजारपेठांच्या गावांतील दुकानदार कुळांना उधारीवर माल देत, आणि खंड वाढला की त्यांचीही वसुली बुडे. म्हणून कूळ आणि दुकानदार यांचे हितसंबंध एकत्र आले. कॅसलबारच्या ‘कॉनॉट टेलिग्राफ’ पत्राचे संपादक जेम्स डेली हे कुळांच्या तक्रारी नावानिशी छापू लागले.

या साऱ्या प्रवाहांचा संगम ज्या एका व्यक्तीत झाला, तिचे नाव मायकेल डेव्हिट. १८४६ साली, दुष्काळाच्या ऐन तोंडावर, मेयोतील स्ट्रेड गावी त्यांचा जन्म झाला. चार वर्षांचे असताना त्यांच्या कुटुंबाला घरातून बाहेर काढण्यात आले. स्विनफर्डच्या वर्कहाऊसच्या दारापर्यंत ते कुटुंब गेले, पण मुलाला आईपासून वेगळे करण्यात येईल असे कळताच त्या माउलीने आत पाऊल टाकण्याचे नाकारले, आणि ती मंडळी लँकेशायरमधील हॅसलिंग्डन या गिरणीगावी पोहोचली. तेथे अकराव्या वर्षी यंत्रात सापडून मुलाचा उजवा हात गेला. ज्या अपघाताने त्यांना मजुरीस निरुपयोगी केले, त्यानेच त्यांना शाळेत व वाचनालयात नेले. पुढे फेनियन क्रांतिकारकांसाठी शस्त्रे पुरविल्याच्या आरोपावरून १८७० साली पंधरा वर्षांची शिक्षा, सात वर्षांहून अधिक काळ तुरुंगवास, आणि १८७७ च्या अखेरीस सुटका. सुटलेला हा मनुष्य मेयोत परतला तो सूड घेण्यासाठी नव्हे. गुप्त कटाने जे साधले नाही ते उघड सभेने साधते का, हे पाहण्यासाठी.

२० एप्रिल १८७९ रोजी आयरिशटाउन या लहानशा खेड्यात डेली यांच्या अध्यक्षतेखाली हजारो कुळांची सभा झाली. तेथील एका जहागिरीवरील खंडाची तक्रार हे तिचे निमित्त होते, आणि सभेनंतर तो खंड कमी करण्यात आला. तात्कालिक लाभ एवढाच. परंतु त्या दिवशी लोकांना असा प्रत्यय आला, की एका जहागिरीच्या कुळासाठी दुसऱ्या जहागिरीची कुळे चालत येतात. ८ जून रोजी वेस्टपोर्टच्या सभेस आयरिश राजकीय नेते चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल आले. ते स्वतः प्रॉटेस्टंट आणि स्वतः जमीनदार, आणि या सभेचा वृद्ध आर्चबिशप मॅकहेल यांनी जाहीर निषेध केला असताही ते आले. १६ ऑगस्ट रोजी कॅसलबार येथे मेयोची लँड लीग ही कुळांची संघटना स्थापन झाली, आणि २१ ऑक्टोबरला डब्लिनमध्ये तिचे अखिल आयर्लंडव्यापी रूप सिद्ध झाले. याच ऑगस्टच्या २१ तारखेस, मेयोतीलच नॉक या खेड्यात, पावसात भिजत उभ्या असलेल्या काही ग्रामस्थांनी चर्चच्या भिंतीवर मेरीमातेचे दर्शन झाल्याचे सांगितले. एका काउंटीत, एका पावसाळी उन्हाळ्यात, एकीकडे सभा आणि दुसरीकडे साक्षात्कार. दोन्हींच्या मुळाशी तीच व्याकुळता होती, असे मानण्यास मला संकोच वाटत नाही.

पुढील वर्षी लॉक मास्क सरोवराच्या काठी जे घडले, त्याने मेयोचे नाव जगाच्या कानाकोपऱ्यात नेले. लॉर्ड अर्न या दूरस्थ जमीनदाराचे मुखत्यार कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट यांनी १८८० च्या सप्टेंबरात कुळांवर बेदखलीच्या नोटिसा बजावण्यास बेलीफ पाठविला. गावातील स्त्रियांनी चिखल व दगड यांचा मारा करून त्याला परतवून लावले. दुसऱ्या दिवसापासून बॉयकॉट यांचे नोकर घर सोडून गेले, शेतावर मजूर येईना, लोहार नाल ठोकीना, धोबीण कपडे घेईना, बॅलिनरोबचा दुकानदार माल देईना. नील येथील धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांनी या वर्तनाला सोपे नाव हवे म्हणून त्या मुखत्याराचेच नाव दिले, असे सांगितले जाते. उभे पीक काढण्यासाठी नोव्हेंबरात कॅव्हन व मोनहन या काउंट्यांतून पन्नास मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी सुमारे हजार शिपाई. पाचशे पौंडांच्या आसपासच्या पिकापायी दहा हजार पौंडांचा खर्च झाला, आणि महिन्याच्या अखेरीस बॉयकॉट कुटुंब लष्करी पहाऱ्यात तेथून निघून गेले. येणाऱ्या फौजेवर एकही दगड पडू नये याची दक्षता स्वतः फादर ओमॅली यांनी घेतली होती.

महाराष्ट्राच्या श्रोत्याला येथे आपल्या दख्खनची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १८७४ साली शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांचे शेत करणे, पाणी भरणे, हजामत करणे बंद केले होते. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला कर्जखतांच्या होळ्या झाल्या. आणि मेयोत लँड लीग स्थापन झाली त्याच १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. दोन्ही ठिकाणच्या रयतेला एकमेकींची वार्ता नव्हती, पण पुढे दोन प्रवाहांची भेट झाली. डेव्हिट यांनी दादाभाई नौरोजींना आयरिश मतदारसंघातून पार्लमेंटात पाठवावे अशी सूचना पार्नेल यांच्यापुढे मांडली होती. ती मान्य झाली नाही, तरी १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षस्थान आल्फ्रेड वेब या आयरिश सभासदाने भूषविले. आणि लोकमान्यांनी १९०५ नंतर ज्या चतुःसूत्रीचा पुरस्कार केला, तिच्यातील बहिष्काराच्या सूत्राचे इंग्रजी नाव मेयोच्या त्या मुखत्याराचेच होते.

सामाजिक बहिष्कार हे दुधारी शस्त्र आहे, हेही मी स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या गरिबाने नाइलाजाने बेदखल कुळाची जमीन घेतली, त्याच्या मुलांनाही शाळेत कोणी शेजारी बसू देत नसे. रात्री गुरांची शेपटे छाटणे, धमकीची पत्रे डकविणे असे प्रकार घडले. १८८० च्या त्याच सप्टेंबरात मेयोच्या सीमेलगत लॉर्ड माउंटमॉरिस यांचा गोळ्या घालून खून झाला. डेव्हिट यांनी अशा कृत्यांचा वारंवार धिक्कार केला, कारण ज्या एकीला हिंसेचा आधार लागतो ती एकी उद्या आपल्याच दुबळ्या सभासदावर उलटते, हे त्यांनी तुरुंगात व कटांत वावरून ओळखले होते. १८८१ साली पुरुष नेते कैदेत पडले, तेव्हा ॲना पार्नेल यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांच्या लँड लीगने बेदखल कुटुंबांसाठी लाकडी खोपटी उभारण्याचे, कैद्यांच्या घरी धान्य पोहोचविण्याचे काम हाती घेतले. जुन्या ‘मेहल’चे ते संघटित रूप होते.

फळ यावयास वेळ लागला. १८८१ च्या कायद्याने न्याय्य खंड ठरविण्याचे न्यायालय दिले, १८९१ साली स्थापन झालेल्या ‘कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डा’ने १८९९ साली डिलन घराण्याची नव्वद हजार एकरांहून अधिक जमीन विकत घेऊन विखुरलेल्या पट्ट्यांची फेरमांडणी केली, आणि १९०३ च्या विंडम कायद्याने सरकारी कर्जावर कुळांनी जमिनी खरेदी करण्याचा मार्ग सर्वत्र खुला झाला. १९०६ साली डेव्हिट वारले आणि ज्या गावातून त्यांना हाकलले होते त्या स्ट्रेडच्या मातीत विसावले, तोपर्यंत जमीनदारीचा पाया ढासळला होता.

परंतु मालकी मिळाली म्हणजे सारे मिळाले असे नव्हते. दहा-पंधरा ओलसर एकरांवर एकच मुलगा राहू शकत होता. बाकीच्यांना जहाज धरावेच लागे. १४ जून १८९४ रोजी अकिल बेटावरून स्कॉटलंडच्या हंगामी मजुरीस निघालेल्या तरुण-तरुणींनी भरलेली होडी वेस्टपोर्टजवळ उलटली आणि ३२ जण बुडाले. १९३७ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमधील कर्किनटिलॉक येथे मजुरांच्या खोपटाला आग लागून अकिलचे दहा मुलगे होरपळून मेले. १९७१ च्या जनगणनेत मेयोची लोकसंख्या १ लाख १० हजारांच्याही खाली गेली होती. २०२२ साली ती सुमारे १ लाख ३८ हजारांपर्यंत सावरली, तरी १८४१ च्या मानाने ती एकतृतीयांशाहून थोडीच अधिक आहे. जमीन राखण्यासाठी जी एकी पुरली, ती माणसे राखण्यास पुरली नाही. मेयोच्या यशाची ही मर्यादा प्रांजळपणे मान्य केली पाहिजे.

आणि तरीही जे उरले ते अल्प नाही. जुलैच्या शेवटच्या रविवारी ७६४ मीटर उंचीचा क्रो पॅट्रिक पर्वत हजारो यात्रेकरू, काही अनवाणी, चढून जातात. गेलिक फुटबॉलचे संघ धर्मपरगण्यांच्या नावाने खेळतात. काउंटीच्या संघाने १९५१ नंतर अखिल आयर्लंड चषक जिंकलेला नाही, पण अंतिम सामन्याच्या दिवशी लंडन-न्यूयॉर्कमधील मेयोकर लाल-हिरवे पट्टे लेवून एकत्र जमतात. नॉकचे धर्मगुरू जेम्स होरन यांनी, दलदलीच्या टेकडीवर विमानतळ कशाला, असे विचारणाऱ्या साऱ्या विद्वानांना न जुमानता वर्गण्या गोळा करून १९८६ साली तो विमानतळ खुला करविला. परदेशी गेलेल्या मुलांनी घरी येण्याची वाट त्यामुळे आखूड झाली.

या सर्वांत मला सर्वाधिक मोलाचा वाटतो तो १९३७ ते १९३९ मधील एक उपक्रम. आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतील वरच्या इयत्तांच्या मुलांना वह्या दिल्या आणि सांगितले, की आपल्या गावातील वृद्धांकडे जा, दुष्काळाच्या, बेदखलीच्या, जुन्या हस्तव्यवसायांच्या आठवणी विचारा आणि लिहून आणा. मेयोच्या खेड्यापाड्यांतील मुलांनी ते काम केले. ज्यांच्या आजा-पणजांनी भूक पाहिली होती त्यांच्या तोंडचे शब्द असे कागदावर उतरले, आणि ते आज संशोधकांना उपलब्ध आहेत.

आरंभी मांडलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर आता आपल्या ध्यानी आले असेल. १८४७ आणि १८७९ यांमध्ये फरक पडला तो माणसांच्या स्वभावात नव्हे. शाळा, वृत्तपत्र, मत, सभा आणि परतून आलेला अनुभव यांनी गावकीच्या जुन्या ममतेला हातपाय दिले. एकी ही वारशाने येणारी मालमत्ता नाही. ती प्रत्येक पिढीला नव्याने शिकावी लागते, आणि शिकण्याचे पहिले साधन म्हणजे आपल्याच परिसराचा खराखुरा इतिहास. आपल्या तालुक्यांच्या दप्तरखान्यांत खंडाच्या, गहाणखतांच्या, जप्तीच्या कागदांचे रुमाल बांधून पडलेले आहेत, आणि ते वाचून दाखवू शकतील, त्यांमागची माणसे ओळखून सांगू शकतील, असे वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत. मेयोच्या मुलांनी जे केले ते आपल्या शाळांतील मुलांना करता यावे, यासाठी या व्याख्यानमालेच्या चालकांनी आणि येथे जमलेल्या शिक्षकांनी याच वर्षी आरंभ करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.